विसरलं तर काय होतं?

सी भाषेतल्या मॅलॉकला आपण एकच आकडा देतो: किती बाइट हवेत. तो आकडा कुठल्या गुणाकारातून आला आणि तो गुणाकार बरोबर होता का, हे त्याला कळायला मार्गच नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

२००२ मधली ओपनएसएसएचची चूक बघा. लॉगिन करू पाहणारा सांगणार, 'मी इतकी उत्तरं पाठवतोय'. सर्व्हर त्या संख्येला पॉइंटरच्या आकाराने गुणून मेमरी मागणार. ३२ बिटच्या मशीनवर पॉइंटर ४ बाइटचा. समजा, संख्या आली १०७३७४१८२५. गुणाकार व्हायला हवा ४२९४९६७३००. पण ३२ बिटांत मावतं ४२९४९६७२९५ पर्यंतच. वरचं गळून पडतं आणि उरतात फक्त ४! मॅलॉक इमानदारीत ४ बाइट देतो आणि पुढचं लूप त्यात एकामागोमाग एक पॉइंटर लिहीत सुटतं. तेही समोरच्याची ओळख पटण्याआधी.

यावर उपाय निघाले. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये रीअ‍ॅलॉकअ‍ॅरे आणलं. संख्या आणि आकार वेगवेगळे द्यायचे; गुणाकार ते करतं, मावला नाही तर मेमरी नाकारतं. छानच. पण आधी हेडर आणि मागे अ‍ॅरे असा हिशेब असला, की बेरीज पुन्हा आपल्याच गळ्यात.

सी२३ मधलं सीकेडी-मल गुणाकार मावला की नाही ते सांगतं, पण गळालेलं उत्तरही आपल्या हातात ठेवतं. इशाऱ्याकडे लक्ष दिलं नाही, तर आपण परत २००२ मध्ये.

त्यापेक्षा लिनक्स कर्नलमध्ये २०१८ साली आलेलं स्ट्रक्ट-साइझ मला जास्त पटतं. हेडर आणि अ‍ॅरे यांचा हिशेब ते एकत्र करतं, आणि तो मावला नाही तर शक्य तितकी मोठी संख्या परत देतं. तेवढी मेमरी कुणीच देत नाही, मागणी सरळ फेटाळली जाते. फट एकच: त्या उत्तरात हाताने १ मिळवला की पुन्हा शून्य! म्हणून पुढची बेरीजही साइझ-अ‍ॅडनेच करायची.

'नीट तपासा' हा सल्ला चुकीचा नाही, पण तो माणसाच्या आठवणीवर टेकलेला आहे. असलं फंक्शन तपासताना मी एकच प्रश्न विचारते: वापरणारा विसरला तर काय होतं? मेमरी मिळाली नाही, तर प्रोग्राम थांबेल. कमी मिळाली, तर तो चालत राहील, आणि धोका तिथेच आहे.