दहा मतांची हकीकत

ह्या मासिकाच्या वाचकांत मतमोजणीच्या टेबलामागे बसलेले अधिकारी पुष्कळ आहेत. फेरीमागून फेरीचे आकडे चढवताना तक्त्याच्या तळाशी असलेल्या नावांकडे त्यांचे लक्ष फारसे जात नसावे. बड्या पक्षांच्या खाली दोनशे-चारशे मते घेऊन ही नावे उभी असतात, आणि अनामत सरकारजमा झाली की विस्मृतीत जातात. अशा तळच्या एका उमेदवाराने आपली हकीकत लिहिली आहे असे कळल्यावर आम्ही ते पुस्तक मुद्दाम मिळवून वाचले. बर्नी सँडर्स ह्यांचे ‘आउटसायडर इन द हाउस’ १९९७ साली प्रसिद्ध झाले आणि २०१५ साली ‘आउटसायडर इन द व्हाइट हाउस’ ह्या नावाने पुन्हा निघाले. लेखनास हक गटमन ह्या इंग्रजीच्या प्राध्यापकांचे साहाय्य आहे. सँडर्स पुढे सिनेटर झाले, अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी दोनदा झगडले, आणि जग त्यांना ओळखते ते त्यामुळे. आम्हांला मात्र ह्या पुस्तकात मोलाची वाटली ती व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन नावाच्या नगराची प्रकरणे.

आरंभ मोठा प्रांजळ आहे. १९७१ साली ‘लिबर्टी युनियन’ ह्या नवजात पक्षाच्या एका सभेस लेखक सहज गेले, बोलण्यासाठी हात वर केला, आणि सिनेटच्या पोटनिवडणुकीचे उमेदवार होऊनच घरी परतले. पहिल्याच रेडिओ-मुलाखतीत गुडघे असे थरथरू लागले की ते टेबलावर आपटल्याचा आवाज ध्वनिक्षेपकातून ऐकू जाऊ लागला. मते पडली शेकडा २. त्यानंतर राज्यपालपदासाठी १, पुन्हा सिनेटसाठी ४, पुन्हा राज्यपालपदासाठी ६. आपल्याकडे एकषष्ठांश मते न मिळाल्यास अनामत जप्त होते. त्या हिशेबाने ह्या गृहस्थांची चारही वेळा गेली असती. पराभवाचे हे वर्णन करताना लेखक ना रडगाणे गातो, ना हौतात्म्याचा आव आणतो. पुस्तकातील सर्वांत सकस गद्य ह्याच पानांत आहे.

नंतर जे घडते ते कोणाही अधिकाऱ्याला रुचेल. एका प्राध्यापक-मित्राच्या आग्रहावरून जुन्या निकालांची कागदपत्रे काढून पाहिली जातात, आणि असे आढळते की राज्यभर शेकडा ६ मते मिळाली त्या १९७६ च्या निवडणुकीत एकट्या बर्लिंग्टन शहरात शेकडा १२ मिळाली होती, कामगारवस्तीत त्याहूनही अधिक. कोणा पुढाऱ्याच्या भाषणातून न सुचलेली गोष्ट दप्तरातल्या रकान्यातून सुचली. सुमारे ३८ हजार वस्तीचे हे गाव. त्याच्या प्रमुखाला तेथे महापौर म्हणतात, आपण नगराध्यक्ष म्हटले असते. डेमोक्रॅटिक पक्षाचे गॉर्डन पॅकेट तेथे पाच कारकिर्दी टिकून होते, आणि रिपब्लिकन पक्षाने त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा करण्याची तसदीही घेतली नव्हती. घरपट्टीची वाढ, सरोवरकाठच्या जमिनीवरील टोलेजंग इमारती, गरीब मोहल्ल्यांची हेळसांड, एवढ्या विषयांवर सँडर्स दारोदार फिरले. पोलिसांच्या संघटनेनेही त्यांना पाठिंबा दिला. मार्च १९८१ मध्ये फेरमोजणीअंती ते १० मतांनी निवडून आले.

येथे आमची पहिली तक्रार आहे. तिसऱ्या पक्षाच्या चळवळीची ही यशोगाथा म्हणून वाचकाच्या मनावर ठसते खरी. पण लेखकाने तिसरा पक्ष १९७७ सालीच सोडला होता आणि १९८१ ची निवडणूक अपक्ष म्हणून लढवली होती. पक्षाचे नाव खांद्यावर असेतो शेकडा ६ च्या पुढे मजल गेली नाही, ते उतरवल्यावर गादी मिळाली. ह्यात दोष वाढीव मते न देणाऱ्या मतदाराचा, पक्षाचा, की एक मत अधिक त्याला सर्व काही देणाऱ्या पद्धतीचा? पुस्तकाचा खरा प्रश्न हा होता आणि लेखक त्याच्या कडेने निघून जातो. शिवाय डेमोक्रॅटिक उमेदवारी न मिळालेला एक खानावळवाला त्याच निवडणुकीत स्वतंत्र उभा राहून हजारावर मते घेऊन गेला होता. ही मते कोणाच्या झोळीतून गेली हे उघड आहे. दहा मतांच्या विजयात अशा योगायोगाला जेवढे वजन हवे तेवढे लेखक देत नाही. जिंकलेल्या माणसाला आपला विजय अटळ वाटू लागतो, हा आत्मचरित्राचा जुना रोग येथेही शिरला आहे.

विजयानंतरचे प्रकरण मात्र कादंबरीकाराने हेवा करावा असे आहे. तेरा नगरसेवकांपैकी नव्या महापौरांच्या बाजूचे दोन. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे दोन्ही पक्ष एकत्र आले, पहिल्याच बैठकीत त्यांनी महापौरांच्या चिटणीस बाईंना कामावरून दूर केले आणि पुढे त्यांच्या नेमणुकाही अडवून धरल्या. जवळजवळ वर्षभर ह्या गृहस्थांना आधीच्या महापौरांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांकरवी कारभार हाकावा लागला. १९८२ च्या निवडणुकीत बाजूचे नगरसेवक पाच झाले, नकाराधिकार हाती आला, आणि मग विम्याचे कंत्राट स्पर्धेने देणे, नव्या कोषपालाला हिशेबात कोणालाच ठाऊक नसलेली १९ लाख डॉलरांची शिल्लक सापडणे, गरीब रस्त्यांवरील बर्फ वेळेवर हटवणे, अशी कामे होऊ लागली. आपल्या राजकीय कादंबरीने, अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ने १९७७ साली, मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीभोवतीचा खेळ समर्थपणे दाखवला, नगरपालिकेच्या कोषपालाच्या खोलीतही तेवढेच नाट्य असते, हे ह्या पानांवरून पटते.

पण त्या खोलीत आधीपासून बसलेला माणूस कोठे आहे? वर्षानुवर्षे एका धन्याच्या हाताखाली वावरलेला अधिकारी एका सकाळी दहा मतांनी आलेल्या दुसऱ्या धन्यासमोर उभा राहतो. त्याला काय वाटले असेल? तो खरोखर आडमुठा होता, की नियमाला धरून होता, की भ्यालेला होता? बदलीच्या गावी नव्या सत्तेशी जुळवून घेणाऱ्या आमच्या वाचकांना हे जाणून घ्यायला आवडले असते. लेखकाला त्याचा केवळ अडथळा दिसतो, चेहरा दिसत नाही. विरोधकांचेही तेच. पॅकेटांना गावाने पाच वेळा का निवडले, हे शेवटपर्यंत कळत नाही.

रचनेचा दोष त्याहून ढोबळ आहे. १९९६ सालची काँग्रेसची निवडणूक ही चौकट, आणि तिच्यामध्ये जुन्या आठवणी खोचलेल्या. त्या चौकटीतील जाहिराती, देणग्या, मतचाचण्या ह्यांचा तपशील आज शिळा वाटतो, आणि भाषा व्यासपीठावरून खाली उतरत नाही. ज्यांना हे पुस्तक हाती लागेल त्यांनी पहिली दोन प्रकरणे सावकाश वाचावीत. पुढील १९९६ च्या प्रचारावरून नजर फिरवली तरी चालेल.