कोळ्याने काय आणले?

अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही कादंबरिका १९५२ साली प्रसिद्ध झाली. पु. ल. देशपांडे यांनी १९६५मध्ये ती ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. या शीर्षकाचे कौतुक होते ते श्लेषासाठी. कोळी म्हणजे मासेमार आणि जाळे विणणाराही कोळीच; शिवाय शाळेतली कोळ्याची कविताही आपोआप आठवते. पण या आठवणीमुळेच मराठी वाचक ही गोष्ट चिकाटीची बोधकथा म्हणून वाचत आला, असे मला वाटते. कवितेतला कोळी पडत-झडत अखेर वर पोचतो. सांतियागोचे तसे नाही. चौऱ्याऐंशी दिवस त्याला एकही मासा मिळत नाही. पंच्याऐंशीव्या दिवशी प्रचंड मार्लिन गळाला लागतो आणि पुढे तो त्याला मारतोही. जिंकण्याची गोष्ट इथेच, पुस्तक बरेच शिल्लक असताना, संपते. उरते ती परतीची वाट, आणि कादंबरिकेचे मर्म त्या वाटेवर आहे.

मासा होडीत मावत नाही, म्हणून म्हातारा तो कडेला बांधतो, ठिगळांचे शीड उभारतो आणि नैर्ऋत्येकडे निघतो. होकायंत्र नाही, वाऱ्याचा स्पर्श आणि शिडाची ओढ एवढ्यावर दिशा कळते. तासाभरात पहिला शार्क येतो. मग एकेक हत्यार जाते: भाला, वल्ह्याला बांधलेला सुरा, सोटा, शेवटी सुकाणूचा दांडाही मोडतो. हावानाच्या दिव्यांची आभा क्षितिजावर दिसते तरी हल्ले थांबत नाहीत. सगळे संपल्यावर तो मोडका दांडा पुन्हा सुकाणूत बसवतो, आणि त्याच्या लक्षात येते की कडेचे ओझे गेल्यामुळे होडी आता किती हलकी, छान चालते आहे. हेमिंग्वे इथे हळहळत नाही. जन्मभर होडी चालवलेल्या माणसाला जे जाणवेल तेच लिहितो. आपण कशाने हरलो, याचे म्हाताऱ्याचे उत्तरही चिकाटीच्या बोधात बसणारे नाही: तो फार दूर गेला होता.

मग पु.लं.चे शीर्षक चुकले का? मला तसे वाटत नाही. श्लेष बाजूला ठेवून त्याचे व्याकरण पाहावे. ‘कोळियाने’मधला ‘ने’ क्रियापद मागतो, आणि शीर्षकात क्रियापद नाही. कोळ्याने काय केले? शिवाय मराठीच्या या रचनेत क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, कर्माच्या मागे जाते: मासा मारला, होडी आणली, शीड गुंडाळले. माणूस तोच, वाक्याचा शेवट मात्र हाती काय आले त्यावर ठरतो. शेवटच्या टप्प्यात हेच घडते. ‘मासा आणला’ हे वाक्य शार्क वाटेत खाऊन टाकतात आणि किनाऱ्यावर ‘सांगाडा आणला’ एवढेच उरते. इंग्रजी शीर्षकात म्हातारा आणि समुद्र शेजारी-शेजारी नुसते उभे आहेत. मराठी शीर्षक मात्र हिशेब मागते.

भाषा अनुवादकाला कधी देते, कधी अडवते. सांतियागो माशाला भाऊ मानतो. मराठीत मासा पुल्लिंगी, त्यामुळे हे नाते आयते जुळते. हिंदीत मछलीला भाई म्हणताना जीभ अडखळते. शार्कला कोकणात मुशी, मोरी हे शब्द आहेत, पण ‘मोरीचे मटण’ खाल्लेल्या वाचकाला त्या शब्दाची भीती कशी वाटावी? सर्वांत अवघड आहे तो समुद्र. म्हातारा त्याला प्रेमाने स्त्रीलिंगी ‘ला मार’ म्हणतो. मराठीत समुद्र, सागर, दर्या सगळे पुल्लिंगी. नारळी पौर्णिमेचा नारळही दर्याराजालाच. मी राहते त्या जबलपूरच्या चेरीतालपासून समुद्र फार दूर आहे, पण इथल्या ग्वारीघाटावरचा नावाडी नर्मदेला मैया म्हणतो, देते तीही तीच आणि बुडवते तीही तीच या समजुतीने. मराठी अनुवादात मला हा सूर समुद्राच्या नावात सापडणार नाही. तो म्हाताऱ्याच्या बोलण्यातच शोधावा लागेल.

मध्यरात्र उलटल्यावर होडी किनाऱ्याला लागते. ओढायला कोणी नाही. म्हातारा डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो. झोपडी गाठेपर्यंत पाच वेळा खाली बसतो. नंतर एक प्रवासी बाई सांगाडा पाहून हे काय म्हणून विचारते. वेटर मोडक्या इंग्रजीत शार्कने काय केले ते सांगू लागतो आणि तिला वाटते, हा सांगाडा शार्कचाच. आणलेली वस्तू समोर आहे, पण ती कोणत्या वाटेने आली हे तिला कळत नाही. शेवटची पाने घाईने उरकून केवळ ‘माणूस हरत नाही’ एवढा बोध घेणारा वाचकही त्या बाईच्या शेजारीच उभा असतो.