सोन्नलगीचा गुराखी

पुराणांतील वीरांच्या जन्मकथा एकत्र मांडून त्यांतून एकच साचा काढण्याचा उद्योग पाश्चात्त्य पंडितांनी पुष्कळ केला आहे. ऑटो रांक ह्याने १९०९ साली असा साचा सिद्ध केला: थोर कुळातील जन्म, त्यापूर्वीची भविष्यवाणी, भयभीत पिता, अर्भकाचा त्याग, दीनांघरी संगोपन आणि अखेरीस मानप्राप्ती. पर्सियस, ईडिपस आणि आपला कर्ण हे सारे त्याच्या यादीत आहेत. पुढे १९३६ साली लॉर्ड रॅग्लन ह्याने बावीस कलमे पाडून कोणत्या वीरास किती गुण पडतात, हे शाळेतील परीक्षकाप्रमाणे मोजले.

ह्या परीक्षेस सोलापूरचे ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर बसल्यास ते निश्चित अनुत्तीर्ण होतील. बाराव्या शतकातील हे शिवयोगी; सोलापूर तेव्हा सोन्नलगी होते. राघवांक ह्या कन्नड कवीने त्यांचे चरित्र षट्पदी छंदात रचिले आहे. भविष्यवाणी येथेही आहे. सुग्गलादेवीच्या पोटी शिवयोगी येणार, असे रेवणसिद्धांनी सांगितले होते. परंतु ते ऐकून मुद्दगौडा भ्याला नाही. पेटी नाही, नदी नाही, त्याग नाही. मूल मात्र अबोल, लोकांच्या दृष्टीने मंदच. म्हणून गुरांमागे धाडलेले.

रानात एक जंगम येतो आणि हुरडा मागतो. तो खाऊन झाल्यावर त्यास दहीभाताची इच्छा होते. मुलगा घराकडे धावतो, आईकडून दहीभात घेऊन परततो, तो जंगम दिसत नाही! 'मल्लय्या, मल्लय्या' असा आक्रोश करीत तो यात्रेकरूंसमवेत श्रीशैलास जातो. देवळातील लिंग दाखविले तरी त्याचे समाधान होत नाही. अखेर कड्यावरून उडी घेतो, आणि तेव्हा मल्लिकार्जुन त्यास सावरितो.

आमच्या मते ह्या वीराचा खरा जन्म त्या कड्यावर झाला. साच्यात पिता पुत्रास टाकतो. येथे देवच दिसेनासा होतो आणि बालक त्याच्या शोधास निघते. पर्सियसाच्या हाती देवांनी दिलेली आयुधे होती, ह्याच्या हाती निवत चाललेला दहीभात. रांकला जन्मकथांत पित्याविरुद्धचे बंड दिसले. ते ह्या कथेत शोधू जाणे म्हणजे ज्वारीच्या शेतात द्राक्षे शोधणे होय.

मात्र पंडितांइतकाच दोष आम्ही भाविक निवेदकांसही देतो. हेराक्लीसने पाळण्यात दोन सर्प मारिले. तसा काही चमत्कार आपल्याही दैवताच्या बालपणी असावा, असा मोह कथेकऱ्यास होतो. परंतु बाळ प्रथमपासून सर्वज्ञ असेल तर त्याची ती धावपळ नाटकी ठरते, आणि कड्यावरील उडी तर निव्वळ देखावा. देव भेटेल ह्याची हमी नसताना घेतलेली उडी, हाच कथेचा प्राण आहे.

जुन्या परंपरेस ह्या उणेपणाची लाज नव्हती. पुढे सिद्धराम सोन्नलगीस तलाव खोदवीत असता अल्लमप्रभू तेथे येतात आणि ह्या दगडमातीच्या खटाटोपाची निर्भर्त्सना करितात, असे 'शून्यसंपादने'त वर्णिले आहे. सिद्धराम संतापतात, मग नमतात, आणि अल्लमांसह कल्याणास जातात. तलाव मात्र राहिला. त्यातील देवळात आजही पूजा चालते, आणि संक्रांतीच्या यात्रेत त्या योग्याच्या योगदंडाशी कुंभारकन्येचे लग्न लागते. शिवारात तेव्हा हुरड्याचेच दिवस असतात.