अपस्मार, निद्रा आणि जैविक लय : काही संकल्पनांची चिकित्सा

प्रास्ताविक :
अपस्मार अर्थात मिरगी किंवा फेफरे या व्याधीचे वर्णन बहुधा 'अचानक येणारा झटका' असे केले जाते. झटका अनपेक्षित असतो हे खरे. परंतु तो कालनिरपेक्ष असतो असे मात्र नाही. निद्रा, जागृती आणि शरीरांतर्गत लयींशी त्याचा निकटचा संबंध आहे. मात्र या संबंधाची चर्चा करताना निद्रा, दैनिक लय आणि बहुदिवसीय चक्र या तीन भिन्न संकल्पनांची सरमिसळ होते. प्रस्तुत लेखात या सरमिसळीची चिकित्सा केली असून पनवेल परिसरातील विद्यार्थिजीवनाच्या संदर्भात तिचे परिणाम तपासले आहेत.

१. प्राचीन निरीक्षण आणि आधुनिक मापन :
चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्माराचा वेग बारा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा महिन्याने येतो असे म्हटले आहे. पाऊस पडला तरी काही बीजे शरद ऋतूतच अंकुरतात, असा दृष्टान्त सुश्रुतसंहितेत आढळतो. कारण शरीरात सतत असूनही झटका थांबून थांबून का येतो, हा प्रश्न या ग्रंथकारांना पडला होता, हे महत्त्वाचे आहे. तथापि, त्यावरून आधुनिक सिद्धान्त प्राचीन काळीच ज्ञात होता असे म्हणणे तर्कदुष्ट ठरेल. निरीक्षण आणि मापनाधिष्ठित कारणमीमांसा या दोन भिन्न गोष्टी होत.

असे मापन मेंदूत बसविलेल्या उपकरणांमुळे शक्य झाले. मॅक्सिम बॉड व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ३७ रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. मेंदूतील अपस्मारजन्य विद्युत्क्रियेत दैनिक लयीखेरीज अनेक दिवसांची, बहुधा २० ते ३० दिवसांची, चक्रे त्यांना आढळली. ही चक्रे स्त्रिया व पुरुष दोहोंत दिसली आणि त्यांची लांबी व्यक्तिपरत्वे भिन्न होती. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेस सर्वच रुग्णांना धोका असतो, या लोकसमजुतीस या संशोधनाचा आधार देता येत नाही.

२. घड्याळ की निद्रा?
काही रुग्णांना केवळ दिवसा, तर काहींना केवळ रात्री झटके येतात, हे विल्यम गॉवर्स यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदविले होते. १९२९ मध्ये लँग्डन-डाउन व ब्रेन यांनी झोप लागल्यानंतरचा काळ, पहाट आणि जागे झाल्यानंतरचा काळ हे झटक्यांच्या दृष्टीने विशेष जोखमीचे असल्याचे दाखविले. परंतु घड्याळातील वेळ मोजल्याने कारण सिद्ध होत नाही. पहाटेचा झटका पहाटेमुळे येतो की त्या वेळी मनुष्य निद्रेत असतो म्हणून? डीटर यान्त्स यांचे १९६२ मधील विवेचन येथे मार्गदर्शक ठरते. त्यांनी झटक्यांची विभागणी घड्याळानुसार न करता निद्रा-जागृतीच्या चक्रानुसार केली. जागृतीशी निगडित झटका दुपारच्या झोपेतून उठल्यावरही येऊ शकतो. तळोजा औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराच्या बाबतीत 'सकाळचा झटका' ही नोंद म्हणूनच अपुरी ठरते.

३. जागरणाविषयीचे सामान्यीकरण :
जागरणाने झटके वाढतात, हे विधानही सरसकट स्वीकारता येत नाही. बेथ मॅलो व सहकाऱ्यांच्या २००२ मधील अभ्यासात, औषधांना दाद न देणाऱ्या आंशिक झटक्यांच्या रुग्णालयीन रुग्णांमध्ये निद्राभावामुळे झटक्यांची संख्या वाढल्याचे आढळले नाही. याउलट, किशोरवयात सुरू होणाऱ्या मायोक्लोनिक अपस्मारात जागरण हे झटक्याचे प्रमुख निमित्त ठरते. अर्थात, जोखीम अपस्माराच्या प्रकारावर अवलंबून असते.

४. महाविद्यालयीन संदर्भ :
या दुसऱ्या प्रकाराचा महाविद्यालयाशी थेट संबंध आहे. तो बहुधा बारा ते अठरा या वयात प्रकट होतो. सकाळी उठल्यावर हातांना हिसके बसतात, कप किंवा लेखणी हातातून निसटते आणि घरात त्याची संभावना 'वेंधळेपणा' अशी होते. उरण, पेण, कर्जत येथून सकाळच्या तासिकांसाठी पनवेल गाठणारा विद्यार्थी परीक्षेच्या काळात रात्रभर जागला, तर ही जोखीम वाढते. पहिला मोठा झटका परीक्षागृहातच आल्यास त्याचे कारण 'परीक्षेची भीती' असे सांगितले जाते आणि निदान लांबते.

त्यात भर पडते ती गोपनतेची. हिंदू विवाह कायद्यातील अपस्मारविषयक अट १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली; परंतु विवाह जुळविताना आजार लपविण्याची वृत्ती अद्याप संपलेली नाही. केवळ झोपेत येणारे झटके लपविणे सर्वांत सोपे आणि तितकेच धोक्याचे असते. कारण अपस्मारातील आकस्मिक मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू झोपेतच घडतात.

निष्कर्ष :
झटक्याच्या नोंदीत तारीख व घड्याळातील वेळ पुरेशी नाही. झोपण्याची व उठण्याची वेळ, आदल्या रात्रीचे जागरण आणि औषधाची चुकलेली मात्रा या बाबी नोंदविल्या तरच ती नोंद वैद्यकीयदृष्ट्या अर्थपूर्ण होते. कांदा किंवा चप्पल हुंगविण्याऐवजी रुग्णास कुशीवर वळविणे आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तातडीने रुग्णालयात नेणे, एवढे ज्ञान प्रत्येक प्राध्यापकास असणे आवश्यक आहे. तथापि, त्याची जबाबदारी तेथेच संपत नाही. सकाळच्या हिसक्यांकडे लक्ष वेधून विद्यार्थ्यास मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठविणे, हे पहिला मोठा झटका येण्यापूर्वीच करता येण्याजोगे कार्य आहे.