नाताळचें पान

साहित्यापासून होणाऱ्या आनंदाला नांव द्यावयाची वेळ आली तेव्हां आपल्या पूर्वसूरींना शब्द सांपडला तो स्वयंपाकघरांत. नाना मसाले आणि व्यंजनें एकत्र आलीं म्हणजे जशी एक निराळीच चव निपजते, तसा नाना भावांच्या संयोगानें रस निपजतो, असें भरतानें नाट्यशास्त्रांत सांगितलें. आणि तेव्हांपासून आपण काव्याचा आस्वाद घेत आलों आहों. परंतु नवल असें कीं, जेथें प्रत्यक्ष अन्नाचेंच वर्णन चाललेलें असतें तेथें हा रस क्वचितच हातीं लागतो. आपल्या आख्यानकाव्यांतल्या लग्नाच्या पंक्ती आठवून पाहाव्या. पदार्थांची यादी लांबत जाते, आणि दहाव्या पदार्थाशीं येतां येतां वाचकाचें पोट भरतें, मन मात्र उपाशी राहतें. उलट सुदाम्याचे मूठभर पोहे, विदुराघरच्या कण्या आणि द्रौपदीच्या थाळीला चिकटून राहिलेलें भाजीचें एक पान, हे तीन पदार्थ मराठी माणसाच्या जिभेवरून कधीं जावयाचे नाहींत.

हा विचार मनांत येण्यास एक विद्यार्थिनी कारण झाली. डिसेंबरच्या सुमारास पदवीच्या वर्गांत मी डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरल’ ही कथा शिकवीत होतों. तास संपतां संपतां ती उठून म्हणाली, “सर, आमच्या घरीं अंडेंसुद्धां शिजत नाहीं, आणि हंस म्हणजे तर सरस्वतीचें वाहन. मग हा भाजलेला हंस वाचतांना तोंडाला पाणी कां सुटतें?” वर्ग हंसला, मीही हंसलों, पण उत्तर मजपाशीं नव्हतें. त्या प्रश्नाचा पाठलाग करीत निरनिराळ्या देशांतल्या लेखकांनीं केलेलीं नाताळच्या जेवणाचीं वर्णनें मीं पुन्हां वाचलीं. तींच येथें एका पंक्तीला बसवीत आहें.

प्रथम डिकन्सच. ही कथा १८४३ च्या डिसेंबरांत लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. आठवड्याला पंधरा शिलिंग मिळविणारा कारकून बॉब क्रॅचिट, त्याची बायको आणि सहा मुलें, असा हा आठ तोंडांचा संसार. हंस भाजून आणावयाचा तो पाववाल्याच्या भट्टींतून. घरीं भट्टी नसलेल्या गरिबांची त्या काळीं तीच रीत होती. पुडिंग शिजतें तें कपडे उकळण्याच्या हंड्यांत, आणि त्याच्या फडक्याला धुण्याच्या दिवसाचा वास येतो. हंस आठांना पुरणारा नाहीं. कुस्करलेले बटाटे आणि सफरचंदाची चटणी यांची जोड देऊन तो पुरविला जातो. पुडिंगही लहानच आहे. पण तें लहान आहे असें कोणी म्हणत नाहीं, कोणी मनांतही आणीत नाहीं. आणलें असतें तर तें त्या घरांत पाखंड ठरलें असतें.

माझ्या मतें या प्रसंगाचा सारा प्राण त्या न उच्चारलेल्या वाक्यांत आहे. आपल्याला चव लागते ती हंसाच्या मांसाची नव्हे. आठ माणसांनीं कोणाला न सांगतां आपापला घास लहान केलेला आहे, त्याची ती चव आहे. आणि पुडिंग संपतें न संपतें तोंच कंजूष स्क्रूज सोबतच्या पिशाच्चाला विचारतो कीं, हा पांगळा टिम जगेल ना? उत्तर मिळतें तें चुलीजवळच्या एका रिकाम्या आसनाचें. भरल्या पंगतींत डिकन्सनें हें रिकामें आसन मांडून ठेवलें आहे, आणि वाचकाची नजर तेथून हलत नाहीं.

याच कथेंत डिकन्सनें अन्नाचे ढीगही रचले आहेत. वर्तमान नाताळचें पिशाच्च प्रथम दिसतें तें टर्की, हंस, पुडिंगें, केक, फळें यांच्या सिंहासनावर बसलेलें. तें वर्णन झगझगीत आहे, पण तें डोळ्यांपुरतें. त्यांतला एकही पदार्थ आपल्या जिभेवर उतरत नाहीं. मात्र त्याच पिशाच्चाच्या झग्याखालून पुढें दोन खंगलेलीं मुलें बाहेर येतात, तेव्हां तो ढीग कशासाठीं रचला होता तें कळतें. शेवटीं पश्चात्ताप पावलेला स्क्रूज, बाजारांतल्या पोराएवढी मोठी टर्की क्रॅचिटांकडे पाठवितो. पण ती त्यांनीं कशी खाल्ली याचें वर्णन डिकन्स करीतच नाहीं. थोर लेखकाची पाकसिद्धि येथें दिसते. मोठी टर्की आल्यावर कोणालाही घास लहान करावा लागणार नव्हता. मग वर्णन कशाचें करावयाचें?

तोच हंस दोन वर्षांनीं, १८४५ सालीं, डेन्मार्कमध्यें हॅन्स अँडरसनच्या आगपेट्या विकणाऱ्या मुलीला दिसतो. ती रात्र नाताळची नसून वर्षाची शेवटची आहे. पण सफरचंदें आणि सुके प्लम पोटांत भरून भाजलेला तो हंस डॅनिश नाताळच्या मेजावरचाच. थंडीनें गारठलेली मुलगी काडी ओढते. भिंत पारदर्शक होते. पाठींत सुरी-काटा खोवलेला हंस ताटांतून उतरून तिच्याकडे चालत येतो. काडी विझते आणि भिंत पुन्हां भिंत होते. डिकन्सनें आपल्याला घराच्या आंत बसविलें होतें. अँडरसन आपल्याला रस्त्यावर उभें करतो आणि दार उघडीत नाहीं. सकाळीं ती मुलगी मेलेली आढळते. कोणी धनिक येत नाहीं, कोणाचें हृदयपरिवर्तन होत नाहीं. मुलांसाठीं म्हणून छापली जाणारी ही गोष्ट मोठ्यांना वाचवत नाहीं, तें याच कठोरपणामुळें.

येथून पूर्वेकडे गेलें म्हणजे नाताळच्या जेवणाला आणखी एक अर्थ येतो, आणि तो समजावयास आपल्याला कष्ट पडत नाहींत. कारण तो अर्थ उपवासाचा आहे. युक्रेनमध्यें व पोलंडमध्यें नाताळच्या पूर्वसंध्येला मांस वर्ज्य. आकाशांत पहिली चांदणी दिसेपर्यंत ताटाला हात लावावयाचा नाहीं. युक्रेनमध्यें त्या रात्रीचा मुख्य पदार्थ म्हणजे शिजवलेल्या गव्हांत मध आणि खसखस घालून केलेली कुतिया. तोच पदार्थ तेथें मृतांच्या स्मरणाच्या दिवशींही होतो. सणाचा घास आणि पितरांचा घास एकाच भांड्यांत शिजतात, हें ऐकून पितृपक्ष पाळणाऱ्या वाचकाला आश्चर्य वाटूं नये.

या उपवासाची थट्टा करावी ती गोगोलनें. ‘दिकांकाजवळच्या मळ्यावरील संध्याकाळी’ या संग्रहाच्या १८३२ सालच्या दुसऱ्या भागांत त्याची नाताळच्या पूर्वरात्रीवरची कथा आहे. तींत लोहार वाकुला सैतानाचा ठावठिकाणा विचारावयास पात्स्यूक नांवाच्या लठ्ठ मांत्रिकाकडे जातो. मांत्रिक तोंड उघडून स्वस्थ बसला आहे. उकडलेल्या करंजीसारखे वारेनिकी भांड्यांतून आपण होऊन उडतात, आंबट सायींत बुडतात आणि त्याच्या तोंडांत शिरतात. त्यांतला एक चुकून लोहाराच्या तोंडावर आपटतो, आणि तो बिचारा उपवास मोडल्याच्या भीतीनें ओठ पुसूं लागतो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या समाजाला हा मांत्रिक परका वाटणार नाहीं. पण विनोदाच्या पोटांत एक बारकावा आहे. ज्याला हात न हलवितां घास मिळतो त्याच्या घराशीं सैतानाचें नातें असतें, असें गोगोलला सुचवावयाचें असावें.

पोलंडच्या रेमाँटनें हीच रात्र गंभीर सुरांत गायिली. त्याची ‘शेतकरी’ ही कादंबरी १९०४ ते १९०९ या काळांत, चार ऋतूंच्या चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि १९२४ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या हिवाळ्याच्या भागांत श्रीमंत शेतकरी बोरिना याच्या घरची नाताळची पूर्वसंध्या आहे. पोलिश रिवाज असा कीं, मेजावरच्या कापडाखालीं गवत पसरावयाचें, पातळ पोळीसारखा ओप्वातेक सर्वांनीं एकमेकांच्या हातून मोडून खावयाचा, गोठ्यांतल्या गुरांनाही त्याचा तुकडा द्यावयाचा, आणि एक पान अनाहूत पाहुण्यासाठीं रिकामें ठेवावयाचें. बोरिनाच्या घरीं बीटाची आंबट आमटी आहे, अळंबीं आहेत, नवी तरुण बायको आहे. नाहीं तो फक्त थोरला मुलगा अंतेक. त्याला बापानेंच घराबाहेर काढलें आहे. अनोळखी माणसासाठीं जागा राखणारा धर्म आणि पोटच्या पोराला जागा नाकारणारा बाप, यांना रेमाँट एकाच मेजाशीं बसवितो. असल्या कादंबरीकाराला टीका करण्यासाठीं निराळा परिच्छेद लिहावा लागत नाहीं.

अमेरिकेच्या लुईझा ऑल्कॉटनें १८६८ सालच्या ‘लिट्ल विमेन’मध्यें नाताळचें अन्न घरांतून बाहेर नेलें. यादवी युद्धाचे दिवस, वडील रणांगणाकडे गेलेले. आणि मार्च घराण्यांतल्या चार बहिणी भुकेल्या पोटानें आपली गरम न्याहारी उचलून एका दरिद्री जर्मन कुटुंबाला देऊन येतात. हा प्रसंग निर्मळ आहे. पण त्याच संध्याकाळीं शेजारचे श्रीमंत आजोबा आइस्क्रीम, केक, फळें आणि फुलें धाडतात, आणि माझ्या जिभेवरची चव थोडी उतरते. दानाची भरपाई त्याच दिवशीं मिळाली तर तें दान राहत नाहीं, तो व्यवहार होतो. सुदाम्यालाही द्वारकेहून परततांना सोन्याची नगरी मिळाली. पण नगरी विसरून लोक पोहेच आठवतात, तें उगीच नव्हे.

शेवटीं एक असें पान, जें भरलेलें असूनही बेचव आहे. जेम्स जॉईसच्या १९१६ सालच्या ‘ए पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज ए यंग मॅन’ या कादंबरींत लहानगा स्टीफन प्रथमच मोठ्यांच्या पंक्तीला नाताळचें जेवण घेतो. बापानें त्या टर्कीला एक गिनी मोजली आहे. पुडिंगभोंवतीं निळी ज्योत कशी नाचेल याचीं स्वप्नें मुलगा पाहत आहे. पण १८९१ सालीं वारलेल्या पार्नेल या आयरिश पुढाऱ्याचा विषय निघतो. धर्मगुरूंनीं त्याचा घात केला कीं योग्य तेंच केलें, यावरून घर दुभंगतें. एक बाई खुर्ची लोटून निघून जाते आणि मोठीं माणसें रडूं लागतात. येथें अन्न कमी नाहीं; पण एकमेकांसाठीं घास लहान करण्याची बुद्धि नाहीं. रिकामें आसन येथेंही आहे, तें मेलेल्या पुढाऱ्याचें. आणि त्यासाठीं कोणी सरकून जागा देत नाहीं.

एवढ्या पंगतीनंतर एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. सुखवस्तु वाचक दुसऱ्याच्या भुकेवर आपली भूक चाळवून घेतो, दोन अश्रू ढाळतो आणि पुस्तक मिटून जेवावयास बसतो. मग असें वाङ्मय दारिद्र्य गोड करून विकतें, असें कां म्हणूं नये? हा आक्षेप मला हंसण्यावारी नेतां येत नाहीं. पंधरा शिलिंगांत आठ माणसांनीं हंसतमुख राहावें, हें चित्र मालकवर्गाला सोयीचें आहे खरें. पण डिकन्सला त्याची जाणीव होती. स्क्रूजला त्यानें टर्की पाठवून मोकळा केला नाहीं. दुसऱ्या दिवशीं कचेरींत त्याला बॉबचा पगार वाढवावयास लावला. टर्की ही भिक्षा आहे, पगार हा वांटा आहे. आणि अँडरसननें तर वाचकाला अश्रूंचें समाधानही शिल्लक ठेवलें नाहीं. ज्या कथेंत घास लहान करणाऱ्यांची थोरवी आहे, पण तो लहान कां करावा लागला याचा हिशेब नाहीं, तिच्याविषयीं मात्र आक्षेपकाचें म्हणणें मला मान्य आहे.

विद्यार्थिनीला द्यावयाचें उत्तर मला पुस्तकांत अर्धेंच मिळालें; उरलेलें अर्धें माझ्या लहानपणींच मिळून गेलें होतें. माझी आई गेली त्या वर्षीं आमच्या घरीं कढई चढली नाहीं. दिवाळीचा फराळ रिवाजाप्रमाणें नातलगांनीं आणून दिला, आणि तो कोणी धड खाल्ला नाहीं. नाताळच्या सकाळीं शेजारच्या बिऱ्हाडांतल्या गोव्याच्या काकू विणलेल्या रुमालाखालीं ताट झांकून घेऊन आल्या. त्यांत दोदोल होता, कुलकुल होते आणि नेवऱ्या होत्या. “भाऊ, तुमच्याकडे यंदा तळण झालें नाहीं, म्हणून थोडें जास्त केलें,” एवढेंच त्या वडिलांना म्हणाल्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच. आंत खोबऱ्याचें सारण, वेलदोड्याचा वास. वडिलांनीं ती अर्धी मोडली, एक अर्ध माझ्या हातावर ठेवलें आणि दुसरें बराच वेळ हातांतच धरून बसले.

रिकामें ताट परत पाठवूं नये असें आई म्हणत असे. घरांत दुसरें कांहीं गोड नव्हतें. वडिलांनीं त्यांत मूठभर साखर घातली, वर तोच रुमाल पसरला आणि तें शेजारीं देऊन येण्यास मला सांगितलें.