संग्रामवाङ्मयातील न मांडलेला हिशेब

हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावरील आमच्या वाङ्मयाचा बराच मोठा भाग त्या संग्रामात स्वतः उतरलेल्या माणसांनी लिहिला आहे. त्याचे बळ यात आहे आणि उणीवही यातच आहे. स्वामी रामानंद तीर्थांनी आपल्या आठवणी १९६७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. अनंतराव भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ पुढे बऱ्याच वर्षांनी आला. या लेखनात आत्मस्तुती फारच थोडी, हे प्रथम सांगितले पाहिजे. इतरत्रच्या राजकीय आठवणी वाचलेल्या वाचकास हा संयम विशेष जाणवतो.

या वाङ्मयात पुढाऱ्याचे एक धर्मसंकट उत्तम रीतीने उमटले आहे. १९३८च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेला, गांधीजींच्या मार्गावर श्रद्धा ठेवणारा संन्यासी १९४७ साली ज्या लढ्याच्या अग्रभागी उभा राहिला, त्या लढ्याने शिंदीची झाडे तोडण्यापासून आरंभ केला आणि पाहता पाहता करोडगिरीची नाकी, पोलीसठाणी व बंदुका यांपर्यंत मजल मारली. स्वामीजींना तर १९४७च्या १५ ऑगस्टलाच अटक झाली, व १९४८ सालातील निर्णायक महिनेही त्यांनी तुरुंगातच काढले. ज्या कृत्यांचा हुकूम आपण दिला नाही, त्यांचा भार आपल्या नावावर घ्यावयाचा, ही स्थिती कोणाही पुढाऱ्यास कठीणच. संन्याशास ती दुप्पट कठीण.

उमरीच्या बँकेवरील छापा हा या वाङ्मयातील अत्यंत आवडता प्रसंग होय. तारीख ३० जानेवारी १९४८. त्याच दिवशी दिल्लीस गांधीजींची हत्या झाली. हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने कल्पिला असता तर आम्ही त्यास अतिरेकी ठरविले असते! छाप्यात हाती आलेल्या लाखो रुपयांचा हिशेब कार्यकर्त्यांनी ठेवला व तो पुढे सादर केला, ही गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि तो अभिमान सार्थ आहे. आमचा प्रश्न एवढाच, की ज्यांनी रुपयांचा हिशेब ठेवला त्यांनी गावांचा हिशेब कोठे मांडला?

नकाशा समोर घेतल्यास या प्रश्नाचा अर्थ ध्यानी येईल. कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. त्या काळी ते निजामाच्या मुलखात, परभणी जिल्ह्यात होते. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागे, आणि तेथे उमरखेडास कार्यकर्त्यांची छावणी होती. छापा घालणारी तुकडी नदीपलीकडे परतू शके. गावास मात्र नदी ओलांडता येत नाही. नदीअलीकडच्या अशा गावांना, ज्यांनी छाप्याची वेळ ठरविली नव्हती व ज्यांना ती कोणी विचारलीही नव्हती, रझाकारांच्या व पोलिसांच्या सूडाची धास्ती घेऊन रात्री काढाव्या लागत. आमच्या ग्रंथांतून जाळपोळीच्या हकीकती येतात, नाही असे नाही. पण त्या बहुधा शत्रूच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून येतात. आपल्या निर्णयाची किंमत या दृष्टीने त्यांकडे क्वचितच पाहिले जाते.

युरिपिडीस या ग्रीक नाटककाराने ऑलिसच्या बंदरात खोळंबलेल्या आरमारासाठी पोटची मुलगी बळी देण्यास निघालेला सेनापती रंगविला. त्या नाटकात मुलीच्या आईस बोलावयास पुरेपूर जागा आहे, व नाटकाचे सारे वजन तेथेच आहे. आमच्याकडे हरिभाऊ आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिली, तेव्हा मुलाचे लग्न बाजूस ठेवून तानाजी स्वतःच्या इच्छेने निघतो; त्यामुळे महाराजांस शोक करावा लागतो, जाब द्यावा लागत नाही. आमच्या संग्रामवाङ्मयाने हाच नमुना पुढे चालविला. स्वेच्छेने गेलेल्याचा त्याग तेवढा लिहावयाचा. ज्याचा त्याग त्यास न विचारता घेतला गेला, तो वर्णनाच्या कडेला उभा!

युद्धात विचारीत बसण्यास सवड नसते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. १९४८ साली सवड नव्हतीच, आणि रझाकारांपुढे हात जोडून बसणे हा पर्याय होता असे आम्हीही म्हणणार नाही. १९४६ साली अर्जापूरजवळ मारले गेलेले गोविंदराव पानसरे यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. परंतु ग्रंथ लिहिताना सवड होती. शिवाय सप्टेंबर १९४८मधील पोलीस कारवाईनंतर सूडाची जी लाट उसळली, तिच्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांतील मुसलमान वस्त्या सर्वाधिक होरपळल्या. भारत सरकारनेच पाठविलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला, आणि तो अहवाल कित्येक दशके अप्रसिद्ध राहिला. त्या माणसांनाही कोणी काही विचारले नव्हते. विजयानंतर आपल्याच माणसांचा हात धरावयाचा ही पुढाऱ्याची सर्वांत अवघड कसोटी. तिच्यावर आमच्या वाङ्मयात किती पाने खर्ची पडली आहेत, हे वाचकांनी स्वतःच पाहावे.

हे लिहू शकेल असा एक पुरुष याच टापूत जन्मला होता. नरहर कुरुंदकर वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे. संग्रामाच्या वेळी सोळा वर्षांचे. ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’मध्ये त्यांनी निजामी राज्याची चिकित्सा ज्या निर्भयपणे केली, ती आपल्या बाजूकडे वळविण्याचे धैर्य त्यांच्यापाशी निश्चित होते, पण १९८२ साली पन्नाशीही न गाठता ते गेले. १९४८ साली जी मुले दहा-बारा वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या घरात आहेत. डोंगरकड्याच्या, वारंग्याच्या, कळमनुरीच्या ओसऱ्यांवर जाऊन त्यांना कोणी अद्याप विचारावयाचे असेल, तर वही घेऊन याच हिवाळ्यात निघाले पाहिजे.