‘विघटन’ या शब्दाविषयी

शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अधिविभागात टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड यांसारख्या अर्धवाहकांचे पातळ थर तापलेल्या काचेवर फवारून त्यांच्या योगे पाण्यातील विषारी सेंद्रिय द्रव्ये मोडण्याविषयी संशोधन झाले आहे. त्याचे मोल ठरविण्याचा अधिकार त्या शास्त्राच्या जाणकारांचा. या विषयावरील मराठी लेखनात प्रदूषक ‘नष्ट होते’ किंवा त्याचे ‘विघटन होते’ असे सर्रास लिहिले जाते, त्या शब्दयोजनेचा विचार मात्र भाषाभ्यासकाने करावयास हवा.

प्रक्रिया थोडक्यात अशी. थरावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी विवर राहते. बाहेरून दिलेला अल्प विद्युद्दाब इलेक्ट्रॉनास दूर ओढून नेतो व दोहोंचे पुनर्मीलन टाळतो. विवरापासून पाण्यात हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते आणि तेच प्रदूषकाच्या रेणूवर तुटून पडते.

परंतु तुटून पडणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. आझो वर्गातील रंगात नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला की पाणी रंगहीन होते. बेंझिनची वलये मात्र शाबूत राहू शकतात, आणि अशी काही उर्वरित संयुगे मूळ रंगाइतकीच किंवा अधिक घातक असतात. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत कार्य पुरे होत नाही. रंग गेला की नाही हे प्रकाशशोषणावरून कळते. कार्बन गेला की नाही हे एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्यावाचून कळत नाही. रंगलोप, आंशिक विघटन आणि खनिजीकरण या तीन भिन्न अवस्था होत; आपण त्या एकाच शब्दात कोंबतो.

‘खनिजीकरण’ म्हटले की वाचकास खाण आठवते, हा आक्षेप रास्त आहे. तेथे ‘पूर्ण विघटन’ म्हणावे. परंतु ‘पूर्ण’ हे विशेषण मोजमापाने सिद्ध झाल्याखेरीज लावू नये. आलेखावरून सारे स्पष्ट होतेच, असे कोणी म्हणेल. तथापि मराठी वाचकाच्या हाती बहुधा आलेख नसतो, केवळ वाक्य असते.

आपल्या बोलीतील ‘मोडणे’ हे क्रियापद येथे अधिक प्रामाणिक ठरते. नोट मोडली की सुटे किती आले, हे कोणीही विचारतो. ‘नष्ट’ हा शब्द तो प्रश्नच उरू देत नाही. इचलकरंजीसारखे कापड रंगविणारे शहर जिच्या काठी आहे, त्या पंचगंगेच्या खालच्या अंगास राहणाऱ्या माणसाला पाण्याचा रंग डोळ्यांनी दिसतो, उरलेले द्रव्य दिसत नाही. त्याच्यासाठी लिहिताना मोडून काय उरले हे सांगणे, हा शास्त्रीय मराठीचा पहिला धर्म होय.